सिस्टरचा कान, सर्जनचा कान

अमेरिकेत १९८६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ५१,५२९ जण त्यात सामील झाले. दंतवैद्य, औषधनिर्माते, दृष्टितज्ज्ञ, पशुवैद्य असे नाना पेशांचे लोक त्यात होते आणि ते सगळे पुरुष होते. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच धर्तीचा आणखी एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात १,१६,००० हून अधिक परिचारिका होत्या आणि त्या सगळ्या स्त्रिया होत्या. दोन्हीकडे दर दोन वर्षांनी प्रश्नावली जाई आणि सहभागी मंडळी ती इमानाने भरून पाठवत. आहार, औषधे, हृदयविकार, कर्करोग यांच्याबद्दलची बरीच माहिती जगाला या कागदांतून मिळाली. पुढे त्यांच्या कानांचीही चौकशी झाली.

आता आरोग्यसेवेतल्या स्त्रियांचे कान जास्त वाजतात की पुरुषांचे, असा साधा प्रश्न घेऊन कुणी या दोन अभ्यासांकडे गेला, तर तो तिथेच अडतो. एका बाजूला स्त्रिया आहेत, पण त्या परिचारिका आहेत. दुसऱ्या बाजूला पुरुष आहेत, पण ते दंतवैद्य नि पशुवैद्य आहेत. दिसणारा फरक बाई आणि पुरुष यांच्यातला म्हणायचा की त्यांच्या कामांतला? ही अडचण फक्त अमेरिकी कागदांपुरती नाही. कोणत्याही रुग्णालयात पाऊल टाका, वॉर्डात बहुतेक सिस्टर दिसतील आणि हाडांच्या ऑपरेशन थिएटरात बहुतेक पुरुष सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरच्या आरोग्य आणि सामाजिक सेवेतील कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ पदांवर त्या जेमतेम २५ टक्के आहेत. कोण कोणत्या खोलीत किती तास उभे राहते, हे इथे स्त्री की पुरुष यावरूनच बरेचसे ठरून जाते.

बाहेर काहीच वाजत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे टिनिटस. आपल्याकडे त्याला कर्णनाद म्हणतात आणि सुश्रुतसंहितेतल्या कर्णरोगांत त्याची नोंद आहे. रुग्ण मात्र त्याच्या त्याच्या भाषेत सांगतो: कान वाजतात, कानात शिट्टी बसलीय, रात्रभर रातकिडे ओरडतात. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला. गाढ शांततेत जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी गुणगुणतच असते. मेंदू एरवी त्याकडे लक्ष देत नाही, आणि ज्याचा मेंदू त्याच आवाजाला धरून बसतो तो दवाखान्यात येतो.

हे का घडते याची आज सर्वाधिक मान्य असलेली उपपत्ती अशी. अंतर्कर्णात कॉक्लिया नावाच्या शंखाकृती नळीत हजारो केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेवढ्या पट्ट्यातला आवाज मेंदूपर्यंत पोचेनासा होतो, आणि स्टेशन नीट लागत नसले की आपण रेडिओचा आवाज वाढवतो तशी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. वाढते ती मात्र आतली खरखर. केसपेशी शाबूत असूनही त्यांना मज्जातंतूशी जोडणारे सांधे आवाजाने तुटू शकतात, हे २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. अशा कानाची नेहमीची श्रवणचाचणी 'नॉर्मल' येऊ शकते. "रिपोर्ट चांगला आहे, काही झालेलं नाही," असे सांगून परत पाठवलेल्या कितीतरी माणसांची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही.

प्रमाणाबद्दल आता बरेच आकडे हाताशी आहेत. २०२२ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे ७४ कोटींहून अधिक लोकांना टिनिटसचा अनुभव आहे आणि १२ कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. वयाबरोबर प्रमाण चढत जाते. चव्वेचाळिशीपर्यंत सुमारे १० टक्के, पासष्टीनंतर सुमारे २४ टक्के. पुरुष आणि स्त्रिया यांच्यात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. युरोपातल्या १२ देशांच्या पाहणीत स्त्रियांचे पारडे किंचित जड निघाले, अमेरिकी पाहण्यांत पुरुषांचे, कोरियात पुन्हा स्त्रियांचे. देश बदलला की बाजू बदलते, तेव्हा या फरकाचे मूळ केवळ शरीरात शोधून भागायचे नाही.

त्रासाचे माप घेतले की चित्र पालटते. टिनिटसने आयुष्यात किती अडथळा आणला हे मोजायला १९९६ पासून २५ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. झोप येते का, लक्ष लागते का, चिडचिड होते का, हतबल वाटते का, असे प्रश्न त्यात असतात. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात जुनाट टिनिटसच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली, तेव्हा स्त्रियांनी सांगितलेला त्रास पुरुषांपेक्षा जास्त होता. कोविडच्या साथीत ४८ देशांतल्या ३,१०३ जणांच्या पाहणीतही स्त्रियांना आणि पन्नाशीच्या आतल्यांना टिनिटस अधिक जाचक झाल्याचे दिसले.

या आकड्यांवरून फार झटपट एक निष्कर्ष काढला जातो: बायका हळव्या असतात, मनाला लावून घेतात. हा निष्कर्ष उथळ आहे आणि घातकही आहे, कारण तो काढला की पुढचे प्रश्न विचारले जात नाहीत. हा त्रास सांगणारी बाई दिवसभर कुठे उभी असते? तिला किती झोप मिळते? तिच्या कानावर काय काय आदळते? आरोग्यसेवेत या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात, कारण इथल्या खोल्यांतले आवाज मोजलेले आहेत.

आधी सर्जनच्या खोलीत जाऊ. हाडांच्या शस्त्रक्रियेत करवत चालते, ड्रिल चालते, हातोडा पडतो, आणि आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये अस्थिशल्य विभागातल्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या कानांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे निम्म्या जणांत आवाजामुळे झालेल्या हानीच्या खुणा मिळाल्या. दंतवैद्याच्या हातातला एअरोटर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेतो आणि त्याची तीक्ष्ण किंकाळी कानापासून हातभर अंतरावर असते. एमआरआय यंत्राचा ठोका १०० डेसिबलच्या पुढे जातो. ॲम्ब्युलन्सचा चालक भोंग्याखालीच बसलेला असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक असा, की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम चालेल. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटे. या कामांत आजवर पुरुष जास्त, आणि म्हणून आवाजाने केसपेशी मरण्याचा सरळ मार्गही त्यांच्या वाट्याला जास्त आला. ही वाटणीही बदलते आहे. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत आज मुलींची संख्या मोठी आहे, तेव्हा एअरोटर हा पुरुषांच्या कानाचा प्रश्न राहिलेला नाही.

वॉर्डातला आवाज निराळा. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम केलेल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये जुन्यानव्या मोजण्या एकत्र मांडल्या. १९६० च्या सुमारास रुग्णालयांतला दिवसाचा आवाज सरासरी ५७ डेसिबल होता, तो ७२ पर्यंत चढला. रात्रीचा ४२ वरून ६० झाला. वॉर्डात ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ७२ डेसिबलने केसपेशी मरत नाहीत, हे खरेच. त्यामुळे कारखान्यांसाठी केलेल्या कुठल्याही नियमाच्या कचाट्यात हा आवाज सापडत नाही. आपल्याकडे रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असते, दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. हा नियम रस्त्यावरच्या हॉर्नसाठी आणि लाउडस्पीकरसाठी आहे. आतल्या खाटांच्या चाकांना, नातेवाइकांच्या गर्दीला, सक्शन मशीनला आणि मॉनिटरला तो लागू पडत नाही.

मॉनिटरकडे थोडे थांबून पाहायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात अतिदक्षता विभागांच्या ७७ खाटांवरचे अलार्म ३१ दिवस नोंदवले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा २५,५८,७६० आहे. त्यातले कानाला ऐकू येणारे धरले तरी दर खाटेला दिवसाला १८७. हृदयाच्या ठोक्यांतल्या बिघाडाचे जे इशारे तज्ज्ञांनी तपासले, त्यातले जवळपास ८९ टक्के खोटे होते. सिस्टरला मात्र प्रत्येक आवाजाला मान वर करून पाहावेच लागते, कारण उरलेल्या अकरा टक्क्यांत कुणाचा तरी जीव असतो. बारीक, उंच पट्टीतला, सतत येणारा आणि 'लक्ष दे' म्हणणारा आवाज. टिनिटसचा आवाजही बहुधा याच जातीचा असतो. बारीक बीप ऐकायला वर्षानुवर्षे तयार झालेल्या मेंदूला घरी गेल्यावर कानातल्या बारीक शिट्टीकडे दुर्लक्ष करायला सांगणे किती अवघड असेल, याचा विचार श्रवणतज्ज्ञांनीही करायला हवा.

आणि मग लेबर रूम. गोंगाटाचे काम म्हटले की डोळ्यांसमोर यंत्र येते. प्रसूतिगृहात करवत नाही, ड्रिल नाही, म्हणून त्याचे नाव गोंगाटाच्या जागांत कुणी घेत नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रसूती विभागात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर ध्वनिमापक लावले आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. कळा देणाऱ्या बाईच्या किंकाळ्या आणि नवजात बाळाचे रडणे यांनी काही शिफ्टमध्ये कमाल पातळी ११५ डेसिबलच्या पुढे नेली होती. कामातला आवाज आणि टिनिटस यांचा संबंध तिथे आढळला, आणि आवाजाने कान थकून जाण्याच्या तक्रारीशीही. प्रसूतीच्या वेळी दाई किंवा सिस्टर त्या तोंडापासून फूटभर अंतरावर वाकलेली असते. कानात बोळे घालून ती बाळाचे ठोके ऐकू शकत नाही आणि आईला धीर देऊ शकत नाही. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही खोली बहुधा लहान, भिंतींना टाइल्स, खाली फरशी, आणि आवाज शोषून घेईल असे काहीच नाही. तिथली नर्सबाई निवृत्त होते तेव्हा तिच्या सेवापुस्तकात श्रवणचाचणीची नोंद नसते.

थकवा आणि कान यांचा धागाही स्वीडनमध्येच सापडला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी ३४८ जणांना थोड्या वेळाचा ताण दिला. हात थंडगार पाण्यात बुडवणे, मन लावून करायची कामे, कुणीतरी पाहते आहे याचे दडपण. त्याआधी आणि नंतर, किती मोठा आवाज असह्य होतो हे मोजले. ज्या स्त्रिया भावनिकदृष्ट्या पार थकलेल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींना ताणानंतर ६० डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्याइतका आवाज सोसवेना. ताज्यातवान्या स्त्रियांत असे झाले नाही, आणि पुरुषांत हा परिणाम तसा दिसला नाही. २०१३ च्या या निष्कर्षात स्त्रीत्व आणि थकवा दोन्ही एकत्र आहेत, आणि थकवा नसलेल्या स्त्रियांत ही संवेदनशीलता दिसली नाही ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. भारतात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. नाइट करून घरी आलेल्या सिस्टरच्या पहिल्या काही तासांत काय असते, ते या दोन आकड्यांत आहे. ब्रदरचे, म्हणजे पुरुष परिचारकाचे, हे तास बहुधा झोपेत जातात.

शरीराची बाजू नाकारायचे कारण नाही. जबड्याच्या सांध्याची दुखणी स्त्रियांत जास्त, अर्धशिशी सुमारे तिप्पट, आणि दोन्हींचा टिनिटसशी संबंध आहे. मध्यकर्णातले हाड घट्ट होण्याचा ओटोस्क्लेरोसिस हा विकारही त्यांच्यातच अधिक दिसतो. रक्त कमी असले की हृदयाच्या ठोक्यागणिक कानात धपधप ऐकू येऊ शकते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत २५ टक्के. कान वाजतात म्हणून आलेल्या परिचारिकेचे हिमोग्लोबिन आधी पाहावे, इतका साधा हा धडा आहे.

संप्रेरकांबद्दल मात्र घाईने बोलू नये. इस्ट्रोजेन कानाचे रक्षण करते, म्हणून रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेतल्यास ऐकू येणे टिकेल, अशी अपेक्षा होती. त्याच परिचारिका-अभ्यासात ८०,९७२ स्त्रियांची माहिती तपासली तेव्हा उलटे दिसले. तोंडाने घेण्याची संप्रेरके जितकी वर्षे घेतली, तितका श्रवणऱ्हासाचा धोका जास्त निघाला.

परिचारिकांच्या त्या प्रश्नावल्यांनी टिनिटसबद्दल दोन गोष्टी विशेष स्पष्ट केल्या. पहिली वेदनाशामकांची. उभे राहून, रुग्ण उचलून कंबर धरलेली सिस्टर ट्रॉलीतली गोळी सहज तोंडात टाकते. ६९,४५५ स्त्रियांचा सुमारे वीस वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये मांडला गेला. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किंवा पॅरासिटामॉल आठवड्यातून सहा-सात दिवस घेणाऱ्यांत जुनाट टिनिटसचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक होता. मध्यम मात्रेची ॲस्पिरिन तशीच रोज घेणाऱ्या साठीच्या आतल्या स्त्रियांत तो १६ टक्क्यांनी अधिक होता. हृदयासाठी घेतल्या जाणाऱ्या छोट्या मात्रेच्या ॲस्पिरिनने धोका वाढलेला दिसला नाही, तेव्हा ती गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नये. दुसरी गोष्ट चहा-कॉफीची. कान वाजायला लागले की "आधी चहा सोडा" असा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ६५,०८५ स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४५० ते ५९९ मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्यांत टिनिटसचे प्रमाण अगदी कमी घेणाऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी होते. कॅफीन हे औषध आहे असे यातून सिद्ध होत नाही. नाइट ड्यूटीतला चहा गुन्हेगार ठरवायला मात्र आधार उरत नाही.

हीच गोळ्यांची चौकशी पुरुषांच्या अभ्यासात झाली ती श्रवणऱ्हासाबद्दल. नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्या पुरुषांत धोका वाढलेला दिसला, परिचारिकांत श्रवणऱ्हासाच्या बाबतीत ॲस्पिरिनचा तसा संबंध आढळला नाही. इथेही पुन्हा तीच गाठ. फरक कानाचा, की किती नि कशासाठी गोळी घेतली याचा? एकाच रुग्णालयातले, एकाच विभागातले, तितक्याच वर्षांच्या नोकरीचे सिस्टर आणि ब्रदर शेजारी शेजारी ठेवून तपासल्याशिवाय ही गाठ सुटायची नाही.

पुरुषांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रश्नावलीत मोजला जातो तो सांगितलेला त्रास. तो सोसलेल्या त्रासाइतकाच असेल असे नाही. ॲम्ब्युलन्सचा चालक किंवा थिएटरमधला टेक्निशियन "हो, थोडं वाजतं" एवढेच लिहून मोकळा झाला, तर त्याचा आकडा कमी दिसतो आणि कानाची हानी तेवढीच राहते.

सांगण्याला किती किंमत आहे हे स्टॉकहोमच्या एका मोठ्या पाहणीतून कळते. ७१,५४२ जणांच्या माहितीत तीव्र टिनिटस आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा संबंध फक्त स्त्रियांत आढळला. २०१९ मधला हा निष्कर्ष वाचून मन चरकते. त्याच अभ्यासात पुढे असेही आहे, की ज्यांच्या टिनिटसचे तज्ज्ञाकडून रीतसर निदान झालेले होते, त्यांच्यात हा संबंध दिसला नाही. कुणीतरी ऐकून घेतले, नाव दिले, उपाय सुचवले, याने जीव वाचत असावेत. उपायही आहेत. टिनिटस पुसून टाकणारे औषध अजून नाही, पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने शिट्टी मागे पडते, आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीने आवाज राहूनही त्रास कमी होतो हे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यासांच्या आधारे नोंदवले गेले आहे. कान अचानक ऐकेनासा झाला, एकाच कानात आवाज सुरू झाला किंवा नाडीबरोबर ठोके ऐकू येऊ लागले, तर मात्र वाट पाहू नये. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत, श्रवणचाचणीचे यंत्र आहे. ते यंत्र असते त्याच इमारतीत काम करणाऱ्या सिस्टर, मावशी, टेक्निशियन आणि चालक यांची चाचणी नोकरीवर रुजू होताना एकदा आणि मग ठरावीक वर्षांनी करावी, तिच्याबरोबर विभाग, नाइटची संख्या आणि टिनिटसच्या त्रासाचे गुण लिहून ठेवावेत. लेबर रूमच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावावेत, मॉनिटरच्या अलार्मच्या मर्यादा रुग्णागणिक बसवाव्यात. याला नवा कायदा लागत नाही. अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर हे काम येत्या वर्षात सुरू होऊ शकते, आणि त्यांनी ते सुरू करावे.